आयबीएस आणि प्रोबायोटिक: कोणतं, किती दिवस आणि कधी थांबायचं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आयबीएसवर (इरिटेबल बाउल सिंड्रोम, म्हणजे आतड्याच्या कामातला दीर्घकाळचा बिघाड) इथे आधी बोलणं झालं आहे, पण प्रोबायोटिकबद्दलची माहिती फार विखुरलेली सापडली. म्हणून वेगळा धागा काढतेय.

मी सांगली जिल्ह्यात शिक्षिका आहे. मागे एका पावसाळ्यात गावात पाण्यातून जुलाब-उलट्यांची साथ आली, त्यात मीही सापडले. साथ गेली, पण पोट पूर्वीसारखं झालंच नाही. सकाळी उठल्या उठल्या मुरडा येतो, लागोपाठ घाईची लागते, जाऊन आलं की कळ थांबते पण साफ झाल्यासारखं वाटत नाही. दुपारी पोट टम्म फुगतं. शाळा एसटीने तासाभरावर आहे आणि वाटेत बाईमाणसाला जायची काहीही सोय नाही. त्यामुळे सकाळी चहाशिवाय काही खायचंच नाही, अशी सवय लागली आहे.

पोटाच्या डॉक्टरांनी रक्त, शौच, सोनोग्राफी सगळं पाहून 'आयबीएस, जुलाबाचा प्रकार' असं निदान केलं. कळ थांबायची गोळी दिली आणि 'सोबत एखादं प्रोबायोटिक घ्या' म्हणाले. अडचण त्या 'एखादं' शब्दापासून सुरू झाली. मेडिकलमध्ये एकदा कॅप्सूल मिळाली, पुढच्या वेळी ती संपलीय म्हणून दुसरीच पुडी, नंतर पिण्याच्या कुप्या. प्रत्येकावर वेगळी नावं, वेगळे आकडे. हे सगळं एकच असतं का? आयबीएसला नेमकं कशाने बरं वाटतं? आणि किती दिवस घेऊन पाहायचं?

मेथीची_जुडी

बाळ, जेवणानंतर ताजं ताक घे, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि सैंधव घालून. आमच्याकडे ग्रहणी म्हणायचे याला, आणि ताकावरच माणसं बरी व्हायची. चरकसंहितेतही ग्रहणीला ताकच सांगितलंय. गोळ्या-पुड्यांच्या मागे लागण्याआधी घरचं विरजण लाव.

निरामय

कृष्णाकाठ ताई, मी पोटविकारांचा डॉक्टर आहे. तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे हे सर्वसाधारण समजून घ्या. प्रश्न नेमके विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी निदानाबद्दल. साथीनंतर सुरू होणारं आयबीएस हा ओळखीचा प्रकार आहे. कॅनडातल्या वॉकर्टन गावात २००० साली पिण्याच्या पाण्यात जंतू मिसळले आणि दोन हजारांहून जास्त माणसं आजारी पडली. त्या गावाचा पुढे अनेक वर्षं पाठपुरावा झाला. ज्यांना तेव्हा जुलाब झाले होते त्यांच्यात आयबीएस बरंच जास्त आढळलं, आणि काहींचा त्रास आठ वर्षांनीही टिकून होता. म्हणजे 'मनाचे खेळ आहेत' असं कोणी म्हटलं तर मनावर घेऊ नका. आतड्याचे मज्जातंतू जास्त हळवे होतात, आतड्याची हालचाल बदलते, आतल्या जिवाणूंची घडी विस्कटते, आणि मेंदू व आतडं यांच्यातलं दळणवळण बिघडतं. हे सगळं खरं आहे, फक्त सोनोग्राफीत किंवा दुर्बिणीत दिसत नाही.

आयबीएस म्हणण्यासाठी सध्या २०१६ चे 'रोम ४' निकष वापरतात. गेले तीन महिने आठवड्यातून किमान एक दिवस पोटात दुखणं, आणि शौचाला जाणं, शौचाच्या वेळांतला बदल, स्वरूपातला बदल यांपैकी किमान दोन गोष्टींशी त्याचा संबंध. पण आपल्याकडे त्याआधी काही गोष्टी बाजूला काढाव्या लागतात: जिआर्डिया (आतड्यातला परजीवी), आतड्याचा क्षयरोग, सीलिअॅक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणारा आतड्याचा आजार), दुधातली साखर न पचणं, थायरॉइड. शौचातून रक्त, वजन उतरणं, ताप, रक्तक्षय, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास, यातलं काहीही असेल तर प्रोबायोटिक बाजूला ठेवा आणि आधी तपासणी करा.

आता मूळ प्रश्न. हे सगळं एकच नसतं. प्रोबायोटिक हे एका औषधाचं नाव नाही. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी केलेली व्याख्या अशी की पुरेशा प्रमाणात दिल्यावर आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव. त्यात शेकडो जीव बसतात, आणि एकाचा पुरावा दुसऱ्याला लागू होत नाही. पाकिटावर प्रजातीच्या पुढे जो आकडा किंवा अक्षरं असतात, तो स्ट्रेन. अभ्यास झालेला असतो तो त्या स्ट्रेनचा.

दोन उदाहरणं देतो. बायफिडोबॅक्टेरियम इन्फँटिस ३५६२४ या स्ट्रेनचा ब्रिटनमध्ये ३६२ आयबीएस असलेल्या स्त्रियांवर अभ्यास झाला, तो २००६ मध्ये छापून आला. तीन मात्रा दिल्या होत्या. १० कोटी जिवाणूंची मधली मात्रा कळ, फुगणं, गॅस या सगळ्यांत प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा) सरस ठरली. त्याच्या शंभरपट मात्रेचा मात्र काहीच उपयोग झाला नाही. कारण शोधलं तेव्हा कळलं की एवढे जिवाणू कोंबलेल्या त्या कॅप्सूलमध्ये घट्ट गोळा होत होता आणि तो विरघळतच नव्हता. 'आमच्यात जास्त अब्ज आहेत' या जाहिरातीला भुलू नका, हे मी प्रत्येक रुग्णाला सांगतो.

दुसरं उदाहरण लॅक्टोबॅसिलस प्लांटारम २९९व्ही. याचा अभ्यास भारतातच झाला, २१४ रुग्ण, चार आठवडे, २०१२ मध्ये प्रसिद्ध. औषध घेणाऱ्यांपैकी ७८ टक्के लोकांनी परिणाम चांगला किंवा उत्तम सांगितला, प्लासिबो गटात ८ टक्क्यांनी. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण आयबीएसच्या अभ्यासांत प्लासिबोने बरं वाटणारे एरवी ३० ते ४० टक्के असतात, त्यामुळे ते ८ मला खटकतात. पुढे दक्षिण आफ्रिकेत ८१ रुग्णांवर आठ आठवडे हाच स्ट्रेन दिला, तिथे प्लासिबोपेक्षा फरक दिसला नाही.

म्हणूनच मार्गदर्शक संस्थांचं आपसांत एकमत नाही. अमेरिकेतल्या एका पोटविकार संघटनेने २०२० मध्ये सांगितलं की आयबीएसला प्रोबायोटिक फक्त संशोधनाचा भाग म्हणून द्यावं. तिथल्याच दुसऱ्या संघटनेने २०२१ मध्ये देऊ नये असा कल दाखवला. ब्रिटिश सोसायटी त्याच वर्षी म्हणाली की एकूण गट म्हणून कळ आणि इतर लक्षणांवर उपयोग होऊ शकतो, पण अमुकच स्ट्रेन घ्या असं सांगता येत नाही; घ्यायचं असेल तर १२ आठवड्यांपर्यंत घ्या, फरक नसेल तर बंद करा. २०२३ मध्ये ८२ अभ्यास आणि दहा हजारांवर रुग्ण एकत्र करून पुन्हा पाहिलं गेलं. काही स्ट्रेन आणि काही मिश्रणांचा फायदा दिसला, पण बहुतेक ठिकाणी पुराव्याची खात्री कमी ते अतिशय कमी, असा शेरा संशोधकांनी स्वतःच दिला.

माझ्या मते ब्रिटिश सल्ला रुग्णाच्या सोयीचा आहे. एक वेळी एकच उत्पादन. किमान चार आठवडे रोज, ठरलेल्या वेळी. त्या काळात दुसरं काहीही नवीन सुरू करायचं नाही, आहारही बदलायचा नाही. सुरू करण्याआधीपासून वहीत रोज तीन गोष्टी लिहा: कळ दहापैकी किती, किती वेळा जावं लागलं, पोट किती फुगलं. शौचाच्या स्वरूपासाठी ब्रिस्टल तक्ता वापरा, त्यात १ ते ७ असे प्रकार आहेत, तुमच्यासारख्यांना ६-७ वरून ४-५ कडे यायचं असतं. चार आठवड्यांत वहीत काहीच हललं नाही तर थांबा. थोडं हललं असेल तर बारापर्यंत न्या. दर महिन्याला मेडिकलवाला देईल ते घेत राहिलात तर वर्षभर पैसे जातील आणि कशाने काय झालं हे कधीच कळणार नाही.

फार्मसीवाला_नाशिक

डॉक्टरांच्या प्रतिसादाला अनुमोदन. काउंटरच्या आतल्या बाजूने थोडी भर घालतो.

ताई, तुम्हाला मिळालेल्या तीन वस्तू बहुधा तीन वेगवेगळे जीव होते. पिण्याच्या त्या ५ मिलिलीटरच्या प्लॅस्टिकच्या कुप्यांत बॅसिलस क्लॉसीचे २०० कोटी बीजाणू असतात. ते उष्णता सोसतात, पोटातल्या आम्लात टिकतात, फ्रीज लागत नाही. जुलाबात आणि अँटिबायोटिकसोबत द्यायची पद्धत आहे. पुडीत बहुधा सॅकरोमायसिस बुलार्डी असेल, २५० मिलिग्रॅमची. तो जिवाणू नव्हे, यीस्ट आहे. आन्री बुलार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात इंडोचायनात, पटकीच्या साथीत लोक लिची आणि मँगोस्टीनच्या सालींचा काढा पितात हे पाहून तो वेगळा काढला. यीस्ट असल्यामुळे अँटिबायोटिकने मरत नाही, पण बुरशीवरचं औषध चालू असेल तर दोन्ही एकत्र घेऊ नये. कॅप्सूलमध्ये लॅक्टोबॅसिलस-बायफिडोचं मिश्रण असणार, आणि ते उन्हाळ्यात सर्वांत नाजूक. थंड जागी ठेवायचं लिहिलेलं पाकीट दुकानात चाळीस अंशांत पडून असेल तर आतले किती जिवंत राहिले याचा भरवसा नाही.

पाकीट हातात घेतल्यावर बघा: स्ट्रेनचं नाव पूर्ण लिहिलंय का? जिवंत संख्या 'उत्पादनाच्या वेळी' लिहिली आहे की 'मुदत संपेपर्यंत'? दुसरीच खरी कामाची. साठवणुकीचं तापमान काय? खोक्यावर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक असेल तर ते कायद्याने अन्नपूरक आहे, औषध नाही, म्हणजे 'अमुक आजार बरा करतो' असं म्हणण्याचा त्याला अधिकार नाही. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाने २०११ मध्येच प्रोबायोटिक अन्नासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि त्यात स्ट्रेनपर्यंत ओळख पटवायला सांगितलं आहे. तरीही नुसतं 'लॅक्टोबॅसिलस १०० कोटी' छापलेली पाकिटं सर्रास येतात. असं पाकीट परत द्या. 'तेच आहे हो, कंपनी वेगळी' असं कुणी म्हणालं तर घेऊ नका. पॅरासिटॅमॉलच्या बाबतीत ते ठीक, इथे नाही.

समुद्रपक्षी

माझा प्रकार उलटा, मलावरोधाचा. रत्नागिरीत असतो. तीन प्रकारची प्रोबायोटिकं करून झाली, नीट महिना-महिना घेऊन. एकानेही फरक नाही, एकाने तर गॅस वाढला. शेवटी डॉक्टरांनी साधं इसबगोल सांगितलं, रात्री एक चमचा भरपूर पाण्यातून, हळूहळू वाढवत. त्याने जमलं. खर्चही काहीच नाही. ज्यांचा त्रास कोठा जड असण्याचा आहे त्यांनी आधी हे करावं असं मनापासून वाटतं.

निरामय

समुद्रपक्षी, बरोबर. इसबगोलचा पुरावा प्रोबायोटिकपेक्षा पक्का आहे, आणि ते जुलाबाच्या प्रकारातही चालतं कारण ते पाणी धरून ठेवतं. पाण्यात विरघळणारा तंतू हवा, हे महत्त्वाचं. गव्हाचा कोंडा खाऊन आयबीएसवाल्यांचं फुगणं उलट वाढतं.

कृष्णाकाठ

खूप आभार सगळ्यांचे. एवढं मला आजवर कुणी समजावून सांगितलं नव्हतं. काकू, ताक मला आवडतं, पण दही-ताक घेतलं की काही दिवशी बरं वाटतं आणि काही दिवशी नाही. मग घरचं ताक हेही प्रोबायोटिकच ना?

यारा_किनारी

मी मेलबर्नला असते, आणि याच शहरातल्या मोनॅश विद्यापीठात लो फॉडमॅप आहाराचं काम झालं. मला स्वतःला आयबीएस आहे, त्यामुळे इथल्या आहारतज्ज्ञांकडून नीट शिकून घेतलं. कृष्णाकाठ, तुझ्या ताकाच्या प्रश्नाआधी एक सांगते, कारण यात बरेच जण फसतात.

फॉडमॅप म्हणजे लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या साखरा आणि छोटे पिष्टमय रेणू. ते मोठ्या आतड्यात पोचतात, तिथले जिवाणू त्यांना आंबवतात, गॅस होतो, पाणी ओढलं जातं. कांदा, लसूण आणि गहू यांत असतं फ्रुक्टन. तूर, हरभरा, राजमा यांत गॅलॅक्टन. दुधात लॅक्टोज. आंब्यात जादा फ्रुक्टोज. आता प्रोबायोटिकचं पाकीट उलटून बघ: भारतातल्या बऱ्याच कॅप्सूल-पुड्यांमध्ये जिवाणूंचं खाद्य म्हणून फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड किंवा इन्युलिन घातलेलं असतं. तेही फ्रुक्टनच. म्हणजे फुगण्यावर घेतलेल्या औषधातूनच फुगवणारी वस्तू आत जाते. समुद्रपक्षींचा गॅस वाढला त्यामागे हे असू शकेल. तुझ्यासाठी निवडताना 'प्री आणि प्रोबायोटिक' असं लिहिलेलं टाळ.

तू सांगलीची, म्हणजे घरात कांदा-लसूण मसाला रोजचाच असणार! तो काही आठवडे बाजूला ठेवून बघ. फ्रुक्टन तेलात उतरत नाही, म्हणून तेलात लसणीच्या पाकळ्या परतून त्या काढून टाकायच्या आणि त्याच तेलात फोडणी करायची, स्वाद राहतो. कांद्याऐवजी पातीचा हिरवा भाग. हिंग चालतो, पण बाजारच्या हिंगात गव्हाचं पीठ असतं ते लक्षात ठेव. ज्वारीची भाकरी आणि भात हे आपलं मोठं नशीब. इथल्या लोकांना ब्रेडला पर्याय शोधावा लागतो, आपल्याला नाही. तुरीऐवजी मुगाच्या डाळीचं वरण, थोडकं.

पण हे कायमचं करायचं नसतं. दोन ते सहा आठवडे काटेकोर, मग एकेक पदार्थ परत आणून बघायचा आणि जे सोसतं ते खायचं. फार दिवस तसंच राहिलं तर आतड्यातले बायफिडोबॅक्टेरिया घटतात. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या २०१७ च्या अभ्यासात या आहारासोबत अनेक स्ट्रेनचं प्रोबायोटिक दिलं तेव्हा ती घट भरून निघाली. आणि डॉक्टर म्हणाले तसं, आहार आणि प्रोबायोटिक एकाच दिवशी सुरू करू नकोस, नाहीतर श्रेय कुणाला द्यायचं ते कळणार नाही. शक्य असेल तर आहारतज्ज्ञ गाठ. शिक्षिकेचं दिवसभर उभं राहायचं काम, उपाशी राहून चालणार नाही.

मेथीची_जुडी

यारा, लसणीच्या तेलाची युक्ती छान. माझी सून हेच करते तिच्या पोटासाठी.

निरामय

ताकाबद्दल. काकू, चरकसंहितेतला तुमचा संदर्भ बरोबर आहे, ग्रहणीच्या प्रकरणात ताकाची थोरवी आहे, आणि मी ताकाच्या विरोधात अजिबात नाही. विरजणात लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू भरपूर असतात. पण प्रत्येक घरच्या विरजणात ते वेगळे, उन्हाळ्यात वेगळे, थंडीत वेगळे. कोणता स्ट्रेन, किती, पोटातून जिवंत पुढे जातो का, हे मोजलेलं नाही. म्हणून शास्त्रीय अर्थाने ते प्रोबायोटिक नाही, उत्तम आंबवलेलं अन्न आहे. दह्याची कीर्ती जगभर पोचवली ती पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या मेचनिकॉफ यांनी. १९०८ चं नोबेल मिळालं ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी, पण बल्गेरियातले शेतकरी आंबट दुधामुळे दीर्घायुषी होतात असं त्यांचं ठाम मत होतं.

कृष्णाकाठ ताई, ताक कधी सोसतं आणि कधी नाही, याचं कारण बहुधा लॅक्टोज. ताजं, गोडसर दही आणि त्याचं दाट ताक यात लॅक्टोज बऱ्यापैकी उरतं. चांगलं लागलेलं, जरा आंबट दही घुसळून पाणी घालून पातळ केलेलं ताक, त्यात एका पेल्यामागे फार थोडं. म्हणून एक पेला पातळ ताक, जेवणासोबत. आठवडाभर वहीत नोंद ठेवा, उत्तर मिळेल. बाजारात ६५ मिलिलीटरच्या बाटल्यांत आंबवलेलं दुधाचं पेय मिळतं, त्यात ६५० कोटी लॅक्टोबॅसिलस शिरोटा असतात. स्ट्रेन नीट नोंदलेला आहे, पण साखरही आहे, आणि आयबीएससाठी तो पहिला पर्याय म्हणून मी सांगत नाही.

शंकासुर

डॉक्टर, थेट विचारतो. प्लासिबोनेच ३०-४० टक्के लोकांना बरं वाटतं, अमेरिकन संघटना नको म्हणतात, पुराव्याची खात्री कमी. मग महिन्याला हजारभर रुपये माणसांनी का घालवावे? आयबीएसची माणसं त्रासलेली असतात, कुठलीही आशा विकत घेतात. मला हा धंदा अस्वस्थ करतो.

निरामय

अस्वस्थ मलाही करतो, म्हणूनच 'चार आठवडे, वही, मग थांबा' यावर मी इतका भर देतोय. सरसकट वर्षभर घेणं हे पैसे घालवणंच आहे.

पण प्लासिबोबद्दल एक. हार्वर्डमधल्या टेड कॅप्चुक यांनी २०१० मध्ये आयबीएसच्या ८० रुग्णांवर प्रयोग केला. निम्म्यांना सरळ सांगून प्लासिबो दिलं: यात औषध नाही, साखरेच्या गोळीसारखं आहे. तरी तीन आठवड्यांनी त्यांच्यातल्या ५९ टक्के लोकांना पुरेसा आराम वाटला, काहीच न घेणाऱ्यांत ३५ टक्क्यांना. या आजारात मेंदू आणि आतडं इतके जोडलेले आहेत. त्यामुळे कुणाला प्रोबायोटिकने बरं वाटलं तर ते खोटं बोलत नाहीत. मात्र तेवढ्यावरून दुसऱ्याला तेच घ्यायला सांगू नये.

आणि प्रोबायोटिकपेक्षा जास्त नुकसान करणारी सवय आपल्याकडे आहे, ती या निमित्ताने सांगतो. पोट बिघडलं की दुकानातून ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची गोळी आणून दोन दिवस घ्यायची. आयबीएसचे किती तरी रुग्ण वर्षातून अनेकदा हे करतात. प्रत्येक वेळी आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंची पडझड होते. मग त्यावर उतारा म्हणून प्रोबायोटिक घेतात. इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या २०१८ च्या छोट्या अभ्यासात दिसलं की अँटिबायोटिकनंतर अनेक स्ट्रेनचं प्रोबायोटिक घेतलेल्यांचे मूळचे जिवाणू परत यायला उलट जास्त वेळ लागला. उतारा शोधण्यापेक्षा ती गोळीच न घेणं बरं. कृपा करून चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक घेऊ नका.

फार्मसीवाला_नाशिक

यावर दुकानदार म्हणून माझीही जबाबदारी आहे. आमच्याकडे चिठ्ठीशिवाय ती गोळी देत नाही. गिऱ्हाईक रागावून शेजारच्या दुकानात जातं, तरी देत नाही.

अनामिक_पथिक

मध्येच विचारतो, माफ करा. वडिलांची केमो चालू आहे, पोट सतत बिघडतं. हे वाचून त्यांना प्रोबायोटिक सुरू करावं का? 'नैसर्गिकच आहे, अपाय नाही' असं नातेवाईक म्हणतात.

निरामय

दादा, त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय अजिबात नको. निरोगी माणसाला प्रोबायोटिक बहुतेक वेळा निर्धोक असतं, पण प्रतिकारशक्ती खालावलेली असेल किंवा मोठ्या शिरेत नळी बसवलेली असेल तर हेच जीव रक्तात शिरून संसर्ग करू शकतात. बुलार्डी यीस्टच्या बाबतीत तर नळी असलेल्या रुग्णाच्या खाटेजवळ पुडी फोडूही नये असं सांगतात. नेदरलँड्समध्ये तीव्र स्वादुपिंडदाहाच्या रुग्णांना प्रोबायोटिक दिलं गेलं, २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: प्रोबायोटिक गटात मृत्यू जास्त झाले, २४ विरुद्ध ९. अतिशय आजारी माणसाला 'नैसर्गिक' म्हणून काही देऊ नका. वडिलांना जुलाब असतील तर आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करा, केमोत ते थांबून बघायचं लक्षण नाही.

अनामिक_पथिक

केला फोन. उद्या सकाळी बोलावलंय. मनापासून आभार.

रानजाई

कृष्णाकाठ, मला तुझ्यासारखाच त्रास होता, पण माझा प्रवास लोकलचा. मला सर्वांत जास्त फरक पडला तो डॉक्टरांनी रात्री दिलेल्या अमिट्रिप्टिलीनच्या अगदी लहान मात्रेने. नाव वाचून घाबरले होते, कारण ते नैराश्याचं औषध म्हणून माहीत होतं. डॉक्टरांनी समजावलं की इतक्या कमी मात्रेत ते आतड्याच्या दुखऱ्या मज्जातंतूंना शांत करतं, आणि जुलाबही आवरतो. ब्रिटनमध्ये ४६३ रुग्णांवर याचा मोठा अभ्यास झालाय, २०२३ मध्ये छापला गेला, १० ते ३० मिलिग्रॅम. घरी कुणाला सांगायचं नसेल तर नको सांगूस, पण प्रोबायोटिकने भागलं नाही तर डॉक्टरांना याबद्दल जरूर विचार. आणि प्रवासाच्या भीतीनेच सकाळी पोट ढवळतं, हेही खरं आहे. मी समुपदेशकाकडे काही बैठका केल्या, त्याने ती भीती उतरली.

यारा_किनारी

रानजाईला अनुमोदन. उपाशी पोटी दाट चहा सकाळच्या मुरड्याला हातभारच लावतो. निघण्याच्या दोन तास आधी उठून थोडी भाताची पेज घेऊन बघ. खाल्ल्यावर आतडं हलतंच, ते घरी असतानाच हलून जाऊ दे.

कृष्णाकाठ

बऱ्याच दिवसांनी लिहितेय, कारण वही पूर्ण व्हायची होती.

डॉक्टरांना विचारून २९९व्ही स्ट्रेन लिहिलेली कॅप्सूल शोधली. गावात नाही मिळाली, पुण्याहून मागवली. इन्युलिन नाही हे पाहून घेतलं. चार आठवडे रोज सकाळी घेतली, बाकी काही बदललं नाही. वहीप्रमाणे कळ थोडी उतरली, साधारण सहावरून चारवर. सकाळची घाई जवळपास तशीच. फुगणं अजिबात हललं नाही. कळीत फरक होता म्हणून बारा आठवड्यांपर्यंत नेलं, पण त्यापुढे काही सुधारलं नाही. मग बंद केली. बंद केल्यावर कळ परत वाढली नाही, त्यामुळे तो फरक कॅप्सूलचा होता की उन्हाळ्याच्या सुट्टीचा, हे मला सांगता येत नाही.

त्यानंतर कांदा-लसूण मसाला आणि गहू थांबवले. फुगणं पहिल्या आठवड्यातच कमी झालं. आता एकेक परत आणतेय: गव्हाची एक पोळी सोसते, दोन नाही, लसूण अजिबात नाही. पातळ आंबट ताक रोज सोसतं, काकू! शाळा सुरू झाली की सकाळच्या घाईसाठी डॉक्टरांशी अमिट्रिप्टिलीनबद्दल बोलणार आहे, वेळ घेतली आहे.

शंकासुर

असा प्रतिसाद फार थोडे लोक परत येऊन लिहितात. आभार. प्रशासकांना विनंती, धागा आरोग्य विभागात वर ठेवावा.

निरामय

ताई, वही उत्तम ठेवलीत. डॉक्टरांकडे जाताना तीच घेऊन जा, त्यांना तपासणीच्या कागदांइतकीच उपयोगी पडेल. पोटाला गहू सोसत नाही हे स्पष्ट दिसतंय, तर एक विचारून ठेवतो: सीलिअॅकची रक्तचाचणी आधीच्या तपासण्यांत झाली होती का, ते कागदांत बघा. नसेल तर गहू पूर्ण बंद करण्याआधी ती करून घ्यावी लागते, कारण गहू सोडल्यावर ती चाचणी फसवी येते. तुम्ही आता गहू परत खाताय, तर रोज पोळी चालू ठेवून काही आठवड्यांनी करता येईल.

कृष्णाकाठ

कागद पाहिले, ती चाचणी झालेली नाही. पोळी चालू ठेवते आणि डॉक्टरांना आधी हेच विचारते.